बोटांच्या बेचक्या आणि पावसाळा : पायांची काळजी तुम्ही कशी घेता?

शरयू_पेण | १२ जून, रात्री ९.४०

मृगाचा पाऊस यंदा आमच्याकडे वेळेवर लागला. पहिल्या सरीने सगळ्यांना हायसे वाटले. मला मात्र गेल्या वर्षीचा आषाढ आठवला आणि या विषयावर धागा काढायलाच हवा असे मनाने घेतले.

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत आणि गेली १४ वर्षे त्यांना मधुमेह आहे. ते आणि आई पेणजवळच्या आमच्या गावी राहतात. पहाटे गोठ्यात जायचे, मग परसातल्या वाफ्यांतून फिरायचे आणि दहा वाजता बाजाराची फेरी करायची, हा त्यांचा क्रम पावसाळ्यातही मोडत नाही. पायांत रबरी सपाता असतात. दरवर्षी पावसात त्यांच्या पायांना चिखल्या होतात आणि दसऱ्यापर्यंत जातात, त्यामुळे गेल्या आषाढात उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांमधली कातडी पांढरी पडून सोलवटली तेव्हा घरात कोणालाही त्याचे विशेष वाटले नाही. औषधांच्या दुकानातून त्यांनी एक मलमाची नळी आणली. दोन दिवसांत खाज थांबली, आणि खाज थांबली म्हणून त्यांनी पायाकडे बघायचेही थांबवले.

दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. पहिल्या दवाखान्यात पावसाळी ताप म्हणून गोळ्या मिळाल्या. पाय कोणी पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाऊल घोट्यापर्यंत लाल आणि गरम झाले आणि जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आले, तेव्हा आम्ही त्यांना ठाण्याला हलवले. तिथल्या डॉक्टरांनी ती दोन बोटे फाकवून आत विजेरीचा प्रकाश टाकला. तळाशी एक चीर होती, फार तर तांदळाच्या दाण्याएवढी. बाबांना तिचा पत्ताच नव्हता, कारण मधुमेहाने त्यांच्या पावलांची संवेदना कधीच कमी झाली होती आणि ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. तेवढ्या चिरेतून जंतुसंसर्ग आत शिरला होता. नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. बोट वाचले.

त्या नऊ दिवसांत मी जे शिकले ते एका परिचारिकेकडून. ती रोज पाय धुतल्यावर मऊ सुती कापडाचा तुकडा घेई, तो एकेका बेचक्यात घालून पुढेमागे न ओढता नुसता दाबून धरी, मग कापडाची कोरडी बाजू घेऊन तेच पुन्हा करी. चार बेचक्यांना तिला तीन-चार मिनिटे लागत. ती म्हणाली होती की लोक पाय पुसतात म्हणजे तळवा आणि वरची बाजू पुसतात, बोटांच्या मधली जागा कोणीच पुसत नाही. मी घरी येऊन स्वतःकडे पाहिले आणि मीही पुसत नव्हते.

पावसाळ्यात पायांसाठी औषध शोधण्याआधी पाय कोरडे करायला शिकावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. इथे शेतात राबणारे, लोकलने फिरणारे, डोंगर चढणारे असे सगळेच आहेत. आपापल्या कामात पाय ओले राहणारच असतील तर तुम्ही काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे.


कसारा_लोकल | १२ जून, रात्री १०.५५

शरयूताई, वडिलांचे बोट वाचले हे वाचून बरे वाटले.

माझे काम कार्यालयातले आहे, तरी पाय मात्र सकाळी सातला भिजतात आणि रात्री नऊपर्यंत तसेच राहतात, कारण स्थानकापर्यंतच्या रस्त्यावर घोटाभर पाणी असते आणि त्यानंतर दिवसभर वातानुकूलित खोलीत ओल्या मोज्यांसह बसणे होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या तळव्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे पडले आणि पायांना असा वास येऊ लागला की डब्यात बूट काढायची लाज वाटे. तेव्हापासून मी प्रवासाचे आणि कामाचे पायताण वेगळे केले. येताजाता पट्ट्यांची पावसाळी सँडल घालतो, पिशवीत एक छोटा पंचा ठेवतो, कार्यालयात पोहोचल्यावर आधी पाय धुऊन पुसतो आणि मग तिथे ठेवलेले कोरडे मोजे व बूट घालतो.

बुटांच्या बाबतीत एक अनुभव सांगतो. भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. वरून कोरडा लागला तरी आत बोटांच्या टोकाशी ओल धरून असते. आतला तळ बाहेर काढावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने ते ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली आडवा ठेवावा. एवढे करूनही तोच बूट दुसऱ्या दिवशी घालू नये, म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरतो. चामड्याचे बूट आणि कोल्हापुरी चपला मी जूनमध्येच गुंडाळून ठेवतो, नाहीतर त्यांच्यावर बुरा चढतो.


वैनगंगाकाठ | १३ जून, सकाळी ७.१०

मी भंडारा जिल्ह्यातला धान उत्पादक शेतकरी आहे. आमच्याकडे अजून पऱ्हे (धानाची रोपे) टाकायचे आहेत; रोवणी, म्हणजे त्या रोपांची लावणी, लागेल ती आषाढात. ज्यांचे पाय सर्वांत जास्त सोसतात त्या रोवणीच्या बायांविषयी या धाग्यावर लिहिले गेले पाहिजे असे वाटते.

बांधीत (धानाच्या खाचरात) चिखलणी झाली की रोवणी करणारी बाई सकाळी आठला त्या चिखलात उतरते आणि जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांपर्यंतच्या पाण्यात वाकून उभी असते. आज आमच्या बांधीत, उद्या शेजाऱ्याच्या, असे पंधरा-वीस दिवस सलग चालते. तिला ‘पाय कोरडे ठेवा’ असे सांगणे म्हणजे काम सोडा असे सांगण्यासारखे आहे. गमबूट घाला असे सल्ले ऐकले आहेत आणि मी स्वतः दोन जोड आणूनही पाहिले. चिखलात पाऊल उचलताना बूट तिथेच रुतून राहतो आणि नुसता पाय वर येतो. वरून एकदा आत पाणी शिरले की तो बूट म्हणजे पाय भिजत घालायचे भांडे होते. बांधावर चालताना, गवत कापताना, रात्री पाणी बघायला जाताना गमबूट उत्तम आहे, साप-विंचवापासून रक्षणही होते. रोवणीत मात्र तो चालत नाही.

माझी आई आणि काकू रोवणीच्या दिवसांत रात्री बोटांच्या मधे मेंदी भरत असत. मेंदी लावून पाय खाटेबाहेर काढून झोपायचे आणि सकाळी धुऊन पुन्हा चिखलात जायचे. त्यांना त्याने आराम पडत असे हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काहीजणी बिब्याचे तेलही लावत. एका वर्षी काकूंना बिबा उतला, पाऊल फोडांनी भरले आणि त्यांची निम्मी रोवणी घरात गेली. मेंदी चांगली की वाईट, आणि बिब्याचे काय, हे जाणकारांनी सांगावे.


त्वचावैद्य | १३ जून, रात्री ११.२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि कोकणात काम करतो. जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची तक्रार पायांची असते. इथे कोणावरही उपचार करण्याचा हेतू नाही, पण वर आलेल्या मुद्द्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

चिखल्या हा एकच एक रोग नव्हे. सुरुवातीला तिथे जंतूही नसतात. कातडीचा वरचा थर पाणी पिऊन फुगतो, पांढरा आणि मऊ पडतो आणि शेजारच्या बोटाशी घासून सोलवटतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांमधली जागा सर्वांत अरुंद असते, तिथे वारा पोचत नाही, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच होते. या टप्प्यावर पाय काही तास नीट कोरडे राहिले तरी कातडी सावरते. ओल कायम राहिली की बुरशी बसते, खाज सुटते, साल निघते. त्यावर पुढे जिवाणू चढले की वास येतो, पाणी सुटते, दुखू लागते, कधी हिरवट झाक दिसते. तिन्ही अवस्थांना लोक चिखल्याच म्हणतात, पण तिन्हींचे औषध एक नाही. कसाऱ्याच्या सद्गृहस्थांच्या तळव्यांवर पडलेले खड्डे हे तर बुरशीचे नसून बहुधा जिवाणूंचे काम असावे; त्याला बुरशीचे मलम लावून फरक पडेलच असे नाही.

आता शरयूताईंनी लिहिलेल्या नळीविषयी. ती नळी मी पाहिलेली नाही, पण दोन दिवसांत खाज थांबली या वाक्यावरून मला शंका येते की तिच्यात तीव्र स्टेरॉइड असावे. बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे आपल्याकडे सर्रास विकली जातात. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, रुग्णाला बरे वाटते आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली केला आहे, तरीही ती मागितली की मिळतात. दुकानातून मलम घेणारच असाल तर क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन यांपैकी एकच औषध असलेले घ्यावे, खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ते लावावे. व्हिटफील्ड मलम स्वस्त आणि जुने आहे, जाड कातडीच्या बुरशीवर चांगले चालते. पण त्यात ६ टक्के बेंझॉइक आम्ल आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असते, म्हणून सोलवटलेल्या ओल्या बेचक्यात लावल्यास भयंकर झोंबते.

पाणी सुटत असेल तेव्हा मलमापेक्षा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवणे अधिक उपयोगी पडते. पाण्याचा रंग फिकट गुलाबी हवा. जांभळा झाला तर ते पाणी कातडी भाजते. खडे पूर्ण विरघळल्याशिवाय पाय बुडवू नये. नखे काही दिवस तपकिरी दिसतात, त्याची चिंता करू नये.

वैनगंगाकाठचे दादा, मेंदीला माझी हरकत नाही. तिच्यातला रंग देणारा घटक बुरशीला काही प्रमाणात अटकाव करतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मला स्वतःला मात्र वाटते की तिचा निम्मा गुण त्या रात्रीत आहे, कारण मेंदी लावलेली बाई पाय धुऊन, पुसून, उघडे ठेवून आठ तास पाण्यापासून लांब राहते. मेंदी घरच्या पानांची किंवा शुद्ध पुडीची असावी. बाजारातल्या काळ्या मेंदीत केस रंगवायचे रसायन असते आणि तिने मोठाले फोड येतात. बिब्याविषयी दुमत नाही. बिब्याचे तेल कातडी जाळते, ते पायाला कधीही लावू नये.

रोवणीच्या बायांसाठी मी इतकेच सांगेन की दिवस पाण्यात जाणार असेल तर रात्र पूर्ण कोरडी गेली पाहिजे. चिखलात उतरण्यापूर्वी पावलांवर आणि बेचक्यांत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा जाड हात फिरवावा, म्हणजे पाणी कातडीत लवकर मुरत नाही. दुपारच्या सुट्टीत पाय धुऊन पुसावेत आणि अर्धा तास उघडे ठेवावेत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सडले, तेव्हा सैन्याने मोजे बदलण्याची आणि जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासण्याची सक्ती केली होती. आपल्याकडेही सासूने सुनेचे आणि सुनेने सासूचे पाय दिव्याच्या उजेडात बघायला काय हरकत आहे?


आंबोलीकर | १४ जून, दुपारी ३.०५

डॉक्टरांचा प्रतिसाद मनापासून वाचला, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. आमच्या आजीने आयुष्यभर भातशेती केली, पायांत कधी चप्पल घातली नाही, औषधाची नळी तिच्या घरात आली नाही आणि तिचे पाय शेवटपर्यंत धड राहिले. ती पावसाळाभर रात्री कोकमाचे मुठेल चुलीवर पातळ करून पायांना लावत असे. टाचांच्या भेगांत गरम मुठेल भरताना ती ओठ मिटून घेई आणि सकाळी भेगेची कड मऊ झालेली असे. हे उपाय आपण फार लवकर टाकून देत आहोत, असे मला वाटते.


त्वचावैद्य | १४ जून, रात्री १०.१५

आंबोलीकर, मुठेल टाकून देऊ नये असेच मीही म्हणेन. कोकमाचे तेल घरच्या तापमानाला घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने हळूहळू वितळते, त्यामुळे टाचेच्या कोरड्या भेगांवर, ज्याला जुनी माणसे जळवात म्हणत, ते फार चांगले बसते. परंतु भेगा कोरडेपणाने पडतात आणि चिखल्या ओलीने होतात. एकाच पायावर दोन्ही असू शकतात आणि म्हणूनच गल्लत होते. टाचेला तेलतूप हवे, बेचक्याला वारा हवा. रात्री बेचक्यात दाट मुठेल भरले तर आतली ओल आतच कोंडते. दिवसा चिखलात उतरण्यापूर्वी तेल लावायला मी सांगितले ते बाहेरचे पाणी अडवण्यासाठी, रात्रीसाठी नव्हे.

आपल्या आजींचे पाय धड राहिले याचा मला आनंद आहे. माझ्या विभागात त्याच पिढीतल्या ज्यांची बोटे काढावी लागली अशाही आज्या येतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना मधुमेह असतो. शरयूताईंच्या वडिलांसाठी आजीच्या काळातला दुसरा एक उपाय मात्र मी ठामपणे बंद करायला सांगेन, तो म्हणजे चुलीपाशी पाय शेकणे. ज्या पायाला चिरेची जाणीव होत नाही त्याला विस्तवाचीही होत नाही.


शरयू_पेण | १५ जून, सकाळी ८.३०

डॉक्टर, आपण लिहिले ते वाचून मी आईला फोन केला आणि नळीचे रिकामे खोके अजून कपाटात आहे का ते बघायला सांगितले. तिने नाव वाचून दाखवले. आपली शंका खरी निघाली.

बाबांना गरम पाण्यात पाय बुडवून बसायची सवय आहे. ते चालेल का? आणि नखे कापणे, कुरुपे काढणे याबाबत काय करावे? त्यांच्या डाव्या तळव्याला एक जुने कुरूप आहे आणि ते त्याला दुकानातली चिकटपट्टी लावतात.


त्वचावैद्य | १५ जून, रात्री ९.५०

गरम पाणी नको. धुण्यासाठी कोमट पाणी चालेल, पण ते आईंनी कोपराने पाहून द्यावे. भिजत ठेवणेही नको, कारण त्याने कातडी आणखी मऊ पडते. कुरुपाच्या पट्टीत ४० टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असते. ते कुरुपाबरोबर शेजारची चांगली कातडीही खाते आणि मधुमेही पायाला त्यातून जखम होते, म्हणून ती पट्टी आजच फेकून द्यावी. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपऱ्यांत खोल जाऊ नये, नाहीतर नखुरडे होते. सपातांऐवजी मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, मागे पट्टा असलेली एमसीआर चप्पल घ्यावी. ती सरकारी रुग्णालयांतही अनेक ठिकाणी मिळते. पायात घालण्यापूर्वी चप्पल उलटी करून झटकावी आणि आत हात फिरवून पाहावा.

वर्षातून एकदा तरी पावलांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्यावर ठरावीक ठिकाणी वाकेपर्यंत टेकवतात आणि कळले का ते विचारतात. दोन मिनिटांची तपासणी आहे आणि तिला सुई लागत नाही.


कुर्लेकर | १७ जून, रात्री ११.४०

मुंबईकरांसाठी एक भर घालतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी कंबरभर पाण्यातून सहा तास चालत घरी पोहोचलो. टाचेला पत्र्याची चीर पडली होती, ती धुऊन मी झोपलो. आठवड्याभराने ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना आणि लाल डोळे अशी अवस्था झाली. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. त्या वर्षी पुरानंतर मुंबईत या आजाराचे असंख्य रुग्ण झाले आणि त्यांतले अनेक दगावले. मी वेळेवर दाखल झालो म्हणून हे लिहीत आहे.

उंदीर, घुशी, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. आता दर पावसाळ्यात पालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्यावी. ही गोळी गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नये. पण पायाला जखम नव्हती, मग कशाला जायचे, असे म्हणून घरीही बसू नये. चिखल्या झालेला पाय हा जखम असलेलाच पाय आहे.


पाऊलवाट | १९ जून, पहाटे ५.२५

मी अकरा वर्षे माऊलींच्या पालखीबरोबर पायी वारी करतो. यंदाची वारी तोंडावर आली आहे, म्हणून घाईने लिहीत आहे.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आहे. पायांची खरी परीक्षा पुणे ते सासवड या मोठ्या टप्प्यात, दिवे घाटात होते. नवखे वारकरी तिथेच अडतात. वरून पाऊस, खाली खडबडीत डांबर आणि ओला मोजा यांनी टाचेवर आणि अंगठ्याखाली फोड येतात. फोडाची कातडी कधीही सोलून काढू नये, कारण तीच खालच्या मांसाचे झाकण असते. फार ताणला असेल तर आमच्या दिंडीतले डॉक्टर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढतात, कातडी तशीच ठेवतात आणि वर पट्टी बांधतात. नवे बूट घालून वारीला येऊ नये. महिनाभर वापरलेलेच आणावेत. मी तीन जोड मोजे नेतो. भिजलेले मोजे चालताना पिशवीला बाहेरून बांधून वाळवतो.

मुक्कामाला पोहोचल्यावर दमलेला माणूस तसाच ओल्या पायांनी अंग टाकतो. आमच्या दिंडीत एक आजोबा होते, ते रोज संध्याकाळी राहुटीच्या दारात पंचा घेऊन बसत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचे पाय स्वतः पुसत. संकोचाने कोणी पाय मागे घेतला तर म्हणत, ‘माऊली, पाय माझ्याकडे द्या, उद्या त्यांनीच चालायचे आहे.’ ते एकेक बोट वेगळे करून पुसत असत. शरयूताईंनी लिहिलेली परिचारिका वाचली आणि मला तेच आठवले.


झाडीपट्टी | २२ जून, रात्री ८.००

माझ्या आईला गडचिरोलीत तरुणपणीच हत्तीरोगाची लागण झाली आणि आज तिचा डावा पाय हत्तीपाय आहे. पावसाळा आला की तिला वर्षातून तीन-चार वेळा हुडहुडी भरून ताप येई, पाय लाल होऊन आणखी सुजे, आणि प्रत्येक तापानंतर सूज पूर्वीपेक्षा थोडी वाढून राही. ‘हा जुना आजार आहे, वाढणारच’ असे आम्ही धरून चाललो होतो. शेवटी आरोग्य केंद्रातल्या ताईंनी दाखवून दिले की हा ताप डासाच्या जुन्या जंतामुळे येत नाही, तर सुजलेल्या बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून दरवेळी जिवाणू आत जातात म्हणून येतो.

आता रोज दोनदा साबण आणि साध्या पाण्याने पाय धुतो. सुजेने पडलेल्या घड्यांत बोट जात नाही, म्हणून सुती कापडाची सुरळी करून ती घडीतून अलगद फिरवतो आणि पाणी टिपून घेतो. बेचक्यांत बुरशीचे मलम, दिवसातून काही वेळ पाय उशीवर उंच, घोट्याचा थोडा व्यायाम, एवढेच करतो. पाय बारीक झाला नाही आणि होणारही नाही असे आम्हाला सांगितले आहे. पण गेल्या दोन पावसाळ्यांत मिळून ताप एकदाच आला. घरात कोणाचा हत्तीपाय असेल त्यांनी पाय झाकून ठेवू नये, कोणाला तरी दाखवावा. माझ्या आईने वीस वर्षे तो लुगड्याखाली लपवला.


वैनगंगाकाठ | ११ जुलै, रात्री ९.१५

आमची रोवणी चालू झाली. डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे दुपारच्या सुट्टीत बांधावर स्वच्छ पाण्याची बादली आणि जुन्या धोतराचे फडके ठेवले आहेत. पहिल्या दिवशी बाया लाजल्या. चौथ्या दिवसापासून स्वतःच मागू लागल्या. खोबरेल तेलाची बाटली तीन दिवसांत संपते, तो खर्च मी करतो. दोघींच्या पायांना पाणी सुटले होते, त्यांना दोन दिवस चिखलाबाहेरचे पऱ्ह्यांच्या पेंढ्या पोचवायचे काम दिले आणि मजुरी पूर्ण दिली. ही गोष्ट शेतमालकांनी मनावर घेतली तर मलमांची गरज बरीच कमी होईल.

आणखी एक विचारायचे होते. पायांचे फडके सर्वजणींनी एकच वापरले तर चालेल का?


त्वचावैद्य | ११ जुलै, रात्री ११.००

नको. एकीची बुरशी त्यातून दुसरीला लागते. प्रत्येकीला वेगळा तुकडा द्यावा आणि तो रोज धुऊन चुलीवर वाळवावा. घरीसुद्धा पायाचे फडके आणि अंगाचा पंचा वेगळा असावा, कारण पायाच्या बुरशीचा नायटा जांघेत चढतो तो बऱ्याचदा त्याच पंचाने. बाकी आपण जे केलेत ते माझ्या चिठ्ठीपेक्षा मोठे आहे.


शरयू_पेण | १४ जुलै, रात्री ९.२०

सर्वांचे मनापासून आभार. बाबांची बातमी द्यायची होती.

एमसीआर चप्पल आणली. गोठ्यात जाण्यासाठी गमबूट आणि त्यात घालायला सुती मोजे आणले, आणि गोठ्यातून आल्याबरोबर ते काढायचे असे ठरवून घेतले. आईने देवघराशेजारी एक पाट, फडक्यांचा डबा आणि दाढीचा जुना आरसा ठेवला आहे. संध्याकाळी दिवा लावून झाला की बाबा पाटावर बसतात, आई बेचक्या टिपते आणि बाबा आरसा तळव्याखाली धरून स्वतः बघतात. महिना झाला, एकही दिवस चुकलेला नाही. पाऊस रोज आहे आणि यंदा बेचक्यांतली कातडी अजून पांढरी पडलेली नाही.

आज संध्याकाळी बाबांचा फोन आला. सकाळी पेंढा ओढताना कधीतरी एक कुसळ डाव्या टाचेत घुसले होते. दिवसभर ते त्यावर चालले आणि त्यांना काहीही कळले नाही. आरशात टाचेवर काळी रेघ दिसली म्हणून त्यांनी आईला चष्मा लावून बघायला सांगितले. तिने चिमट्याने ते काढले, जागा साबणाने धुतली, कोरडी केली. उद्या सकाळी दोघे डॉक्टरांकडे पाय दाखवायला जाणार आहेत. कुसळ त्यांनी कागदाच्या पुडीत जपून ठेवले आहे, डॉक्टरांना दाखवायला.